पेडगावची ठेंगणी ज्वारी

वाढीचा एक रस झाडात कमी पडला, तर पुंकेसरच आधी का खचतात? स्त्रीकेसर बऱ्यापैकी शाबूत आणि परागकोश मात्र पोकळ, असं का होतं? मला याचं उत्तर येत नाही. कॉलेजातल्या सरांनाही येत नव्हतं. पेडगावच्या अंजनाबाईंच्या रानात गुडघ्याएवढी राहिलेली ज्वारी मी सरांना दाखवली, तेव्हा त्यांनी जिबरेलिन नावाच्या त्या रसाची बोटभर बाटली माझ्या हातात ठेवली. मार्गशीर्षात मी दहा झाडांवर थेंब सोडले, आणि दुसरी सहा झाडं पोटरीतलं, म्हणजे पानाच्या वेष्टनात दडलेलं, कणीस तपासायला बुडापासून कापून आणली. पौषात निकाल बघायला पुन्हा निघाले.

पूर्णेहून सकाळची पॅसेंजर धरावी. वडील रेल्वेत गँगमन, त्यामुळे जागा मिळाली. परभणीला गाडी बराच वेळ थांबते. चहा तिथंच घ्यावा, पेडगावला स्टेशनावर काही मिळत नाही. समोरच्या म्हातारीनं चौकशी सुरू केली.

"एकटीच कुठं निघालीस गं?"

"पेडगावला. ज्वारी बघायला."

"आगं बया! लोक नवरा बघायला जातेत, ही ज्वारी बघायला निघाली!"

सगळा डबा हसला. मीही हसले.

स्टेशनापासून रानापर्यंत पायी जावं लागतं. काळी जमीन, थंडीनं भेगाळलेली. चपलेपेक्षा जुना बूट बरा. अंजनाबाईंचे मालक ऊसतोडीला गेलेले. घरी त्या, दोन एकर रान आणि आठ मेंढ्या. मालक परतेपर्यंत मीठमिरची त्या मेंढ्यांवरच चालायची.

थेंब दिलेली झाडं कमरेला लागली होती! कणसं पानाच्या वेष्टनातून पूर्ण बाहेर आलेली, परागकोश लोंबत होते, बोट लावलं की पिवळी धूळ. शेजारच्या, थेंब न मिळालेल्या झाडांचे परागकोश पांढरे, सुरकुतलेले. काचेवर पराग घेऊन आयोडीन टाकलं आणि सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पहिल्यांचे पराग काळेनिळे, भरलेले. दुसऱ्यांचे जे काही सापडले ते फिके, रिकामे.

"बाई, ठेंगणी झाडं डोकं वर काढायलीत की," अंजनाबाई म्हणाल्या. "आमच्या दिराला बी पाजा दोन थेंब. मांडवात नवरीच्या खांद्याला लागला हुता."

कापलेल्या सहा बुडख्यांना वीतभर कोवळे फुटवे आले होते. तेही ठेंगणेच राहतात का, त्यांचेही परागकोश पोकळ निघतात का, हे मला बघायचं होतं. म्हणून मागच्या वेळीच मी ते बुडखे उपटू दिले नव्हते. तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "याचे फुटवे मेंढरांला लय वाईट असत्यात." मी म्हणाले होते, "थोडे दिवस राहू द्या." त्यांनी भोवती काट्या लावल्या होत्या.

रात्री भाकरी, तिळाची चटणी आणि आंबाडीची भाजी. त्याचे पैसे द्यायचा विचारही करू नये, राग येतो.

सकाळी त्या माझ्यासाठी पाणी तापवत चुलीपाशी बसल्या होत्या. तेवढ्यात चार मेंढ्यांनी काट्या रेटून फुटवे खाल्ले. आम्ही पोचलो तेव्हा एक मेंढी झोकांड्या खात होती, तोंडाला फेस. दुसरी आडवी पडून पाय झाडत होती.

"गूळ आणा! पाण्यात कालवा, जल्दी!" अंजनाबाई ओरडल्या.

मी गूळ कालवला, त्यांनी मेंढीचा जबडा धरून पाणी ओतलं. एक वाचली. तीन गेल्या, त्यातल्या दोन गाभण. ऊन वर यायच्या आत सगळं संपलं होतं.

अंजनाबाई गाभण मेंढीच्या पोटावर हात ठेवून बसून राहिल्या. आतलं हलत होतं, मग हलायचं थांबलं.

"मी सांगितलं न्हवतं का तुला?" त्या म्हणाल्या. "पर शिकलेली पोर, मला वाटलं तुला जास्ती ठाव असंल."

कोवळ्या ज्वारीत विष असतं, ही ओळ मी परीक्षेत लिहिली होती. त्या बुडख्यांपाशी उभी असताना ती मला आठवलीही नव्हती. मी बुडखे मुळासकट उपटले, वाळत घातले, जाळले. त्या बघत होत्या, पण मदतीला आल्या नाहीत.

पूर्णेला पोचून निकाल सांगितला, तर वडील लगेच गल्लीत सांगत सुटले, आमच्या पोरीनं झाडाला फुलं आणली म्हणून. घरात पहिली पदवी माझी. त्यांना किती अभिमान! आईला मेंढ्यांचं सांगितलं, तिनं पदर तोंडाला लावला. सरांना निकाल कळवला, त्यात पराग आले तेही लिहिलं आणि तीन मेंढ्याही लिहिल्या. त्यांच्या उत्तरात परागांबद्दल दोन पानं होती. मेंढ्यांबद्दल एकही ओळ नव्हती.

त्या पोटावरचा हात डोळ्यांसमोरून जात नाही. सूक्ष्मदर्शकातले काळेनिळे पराग आठवावेत म्हटलं, तरी आधी तो हातच दिसतो.

परवा परभणीच्या बाजारातून दोन गाभण मेंढ्या घेतल्या आणि एका मेंढपाळाच्या सोबतीनं पेडगावपर्यंत चालवत नेल्या. अंजनाबाईंनी त्यांचे दात बघितले, कास चाचपली आणि त्यांना बाकीच्यांत सोडलं. पैसे हैदराबादच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेले होते. तिथं मिळालेली जागा नको असल्याचं पत्र मी मेंढ्या घेण्याआधीच टाकून आले होते.