उंबऱ्याचा टेम्पो

अप्पा एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रातून रिटायर झाले, तेव्हा क्वार्टर सोडावं लागणार हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पुढे राहायचं कुठे, यावर मात्र एकमत नव्हतं. आईने इंदिरानगरात दोन खोल्यांचा फ्लॅट पाहून ठेवला होता. अप्पांनी जुना टेम्पो आणला.

त्यात त्यांनी दोन बाकडी ठोकली, रात्री जोडली की पलंग व्हायचा. कोपऱ्यात स्टोव्ह, छताला कंदील, आणि मागच्या दाराला चक्क पडदा. "घर म्हणजे काय गं, चार भिंतीच ना? ह्या चार भिंती हिंडतात," अप्पा म्हणाले. वर्षातले सहा महिने टेम्पोत काढायचे आणि उरलेले भाड्याच्या खोलीत, असा त्यांचा बेत होता. आई म्हणाली, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. तुम्ही व्हा विंचू, मला नाही व्हायचं."

खरं दुखणं जुनं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा क्वार्टरला उंबराच नव्हता. तांदळाचं माप फरशीवर ठेवून तिने लवंडलं होतं. "आपलं घर झालं की सागवानी उंबरा करू," असं अप्पांनी तेव्हा कबूल केलेलं. ते त्यांनी आता पाळलं. टेम्पोच्या मागच्या दाराला सागवानी उंबरा बसवला! दार आधीच बुटकं आणि अरुंद, त्यात हा. चढता-उतरता प्रत्येक जण अडखळायचा. अडखळून झालं की अप्पा शांतपणे म्हणायचे, "सांभाळून, उंबरा आहे."

त्या हिवाळ्यात आम्ही निघालो. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला पंच म्हणून नेलं होतं. "आठ दिवस राहून बघ, नाही आवडलं तर बोल," असं अप्पांनी आईला सांगितलेलं. दारणा धरणाचं पाणी बघून झालं, वैतरणेचं झालं. मुक्काम पाण्याच्या कडेला, आणि सकाळी ओहोळ धरून डोंगराकडे चालायचं. थंडी अशी, की खोबरेल तेलाची बाटली स्टोव्हशेजारी ठेवावी लागे. अप्पा पुढे, कानटोपी घालून, प्रत्येक झाड नव्यानेच लावल्यासारखं दाखवत. मी मध्ये. आई मागे, पायात कॅनव्हासचे बूट आणि तोंडाला कुलूप.

एक काम मात्र ती चुकवत नव्हती. रोज सकाळी मागच्या दारापाशी सडा घालून रांगोळी काढायची. मग टेम्पो सुरू व्हायचा, आम्ही निघून जायचो आणि रांगोळी तिथेच राहायची. पडदा सारून ती दिसेनाशी होईपर्यंत आई बघत बसायची. मला गंमत वाटायची. आईला वाटत नव्हती.

पाचव्या दिवशी घोटीच्या अलीकडे होतो. रांगोळी काढून आई आणि मी ओहोळाकडे गेलो. परत आलो तर टेम्पो नाही. अप्पा डिझेल भरायला गेले होते. तसा निरोप खडूने एका दगडावर लिहून ठेवला होता. पाण्याच्या कडेला मोकळी जमीन, मागे कापलेली भातखाचरं, आणि मध्ये रांगोळी. तिच्यासमोर डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई उभी होती.

"आवं बाई, ही रांगोळी कुनाच्या दारातली?"

"आमच्या," आई म्हणाली.

बाईने चौफेर पाहिलं. "मंग घर कुठं हाय?"

"घोटीला गेलंय. डिझेल भरायला."

बाई मोळी टाकून खालीच बसली. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. "लय भारी! आमचं घर कंदी उठून बाजाराला नाय गेलं!" आईही हसली. त्या प्रवासात पहिल्यांदाच. मग हसता हसता तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही केल्या थांबेना. बाईने आईच्या पाठीवरून हात फिरवला, मोळी उचलली आणि गेली.

अप्पा आले तेव्हा आई तशीच रांगोळीपाशी बसलेली. त्यांनी मला खुणेने विचारलं. मी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं. डिझेलचं वाक्य ऐकून मला वाटलं, आता हे हसतील. ते काही हसले नाहीत.

ते पुन्हा टेम्पोत बसले आणि मागे घ्यायला लागले. पुढे, मागे, पुन्हा पुढे. शेवटी मागचं दार नेमकं रांगोळीसमोर आलं, रांगोळीला जराही धक्का न लागता. खाली उतरून ते आईला म्हणाले, "झालं. आज इथून हलायचं नाही. उद्या इंदिरानगरला जाऊ, तो तुझा फ्लॅट बघायला."

"आठ दिवस कुठे झालेत?" आई म्हणाली.

"राहू दे. कळलं मला."

टेम्पो एका भाजीवाल्याला विकला. फ्लॅटला उंबरा नव्हता. हल्ली कुणी बसवत नाही, असं बिल्डर म्हणाला. अप्पांनी विकायच्या आधी काढून ठेवलेला टेम्पोचा उंबरा आणला. तो दाराला वीतभर तोकडा पडला, तेवढी जागा सिमेंटने भरून घेतली. दिसायला अगदी वाईट दिसत होतं.

राहायला गेलो त्या सकाळी आईने त्यावर तांदळाचं माप ठेवलं. या वयात काय हे, असं शेजारीण म्हणाली, तिकडे आईने लक्षच दिलं नाही. उजव्या पायाने माप लवंडलं, पाऊल उचललं आणि नेमकी अडखळली.

"सांभाळून, उंबरा आहे," अप्पा म्हणाले.

"माहितेय मला," आई म्हणाली. "माझाच आहे."