फक्कीची रेघ

आमच्या पेठांच्या फुटबॉल सामन्यांआधी मैदान आखायला एक माणूस यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सकाळच्या उन्हात तो दोरी ताणायचा, भोकं पाडलेल्या डब्यातून पांढरी फक्की सोडत उलट्या पावलांनी चालायचा आणि शेवटी जमिनीला गाल टेकून, एक डोळा मिटून रेघ बघायचा. बोटभर वाकडी दिसली तरी पुसून पुन्हा आखायचा. पोरं हसायची. तोही हसायचा.

एका अंतिम सामन्यात मी पंच होतो. शेवटच्या मिनिटाला चेंडू गोलरेषेवर पडला आणि गोलरक्षकानं तो ओढून घेतला. गोलामागची गर्दी "गोल! गोल!" करत अंगावर आली. मी शिट्टी वाजवून गोल दिला.

मैदान आखणारा तो माणूस धावत आला आणि रेघेपाशी गुडघ्यांवर बसला. "साहेब, चेंडू हितं रेघेवरच पडलाय, पार गेलाच न्हाई. फक्की बघा की! पलीकडं डाग तरी हाय का?"

"तू पंच हायस व्हय रं? चल, हो बाहेर!" मी खेकसलो.

तो उठला, हात झटकले. "रेघ मी सरळ मारलीया," एवढंच म्हणाला आणि गेला. त्या गोलानं एका संघाचा चषक गेला.

परवा नव्या पंचांच्या शिबिरात सुधारणांची चर्चा चालली होती. गोलरेषेवर कॅमेरे बसवावेत, असं ठरत होतं. मला मत विचारलं, तेव्हा मी हा सामना सांगितला.

"कॅमेरे जरूर बसवा," मी म्हणालो. "पण त्या दिवशी चेंडू रेघेवरच होता, हे मला शिट्टीआधीच दिसलं होतं."