कॉर्दोबाच्या अंगणातली फांदी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. संदीपला — माझ्या नवऱ्याला — तर नाहीच. तुम्हाला तरी का सांगते आहे? खरंच माहीत नाही.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. इथे आखातात, सालमियातल्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी त्यांनीच जगवली. धुळीचं वादळ येऊन गेलं की ओल्या फडक्याने एकेक पान पुसायच्या. त्यातलं एकही रोप विकतचं नव्हतं. चोरून आणलेलं रोप चांगलं धरतं, अशी त्यांची ठाम समजूत. कुणाकडे जेवायला गेलो की निघताना त्यांच्या पर्समध्ये एखादी काडी असायचीच. मैत्रिणी चिडवायच्या, आई लाजायच्या. अशा वेळी मला त्या फार लोभस वाटायच्या.

एका ईदच्या सुट्टीत आम्ही तिघं स्पेनला गेलो. तिथल्या कॉर्दोबा या जुन्या शहरात माणसं आपल्या घरातली अंगणं पाहुण्यांना उघडून दाखवतात. पहिल्याच अंगणात पांढऱ्या भिंतींवर पार वरपर्यंत निळ्या कुंड्या, मधोमध विहीर. आईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. घरची म्हातारी लांब काठीला बांधलेल्या डब्याने वरच्या कुंड्यांना पाणी घालत होती आणि आई खालून बोटाने दाखवत होत्या — ही राहिली, ती राहिली. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती, पण दोघींचं काही अडत नव्हतं.

आणि मी? आईंना घरी गेल्यावर चकित करावं म्हणून मी लाल जिरेनियमची एक फांदी... चांगल्या मनाने मोडली, असं म्हणू का? नको. मोडली. पर्समध्ये टाकली.

म्हातारीला ताजा तुटका देठ दिसला. तिचा चेहरा पडला. संदीपने वळून थेट आईंकडे पाहिलं — दुसऱ्या कुणाकडे पाहणार होता?

"आई, निदान इथे तरी!" सगळ्यांसमोर तो ओरडला.

"नाही रे, मी हातसुद्धा लावला नाही," आई म्हणाल्या. आणि माझ्याकडे पाहिलं — मी तरी सांगेन म्हणून.

मी फरशीकडे बघत राहिले. त्याच्या रागाची भीती वाटली? चारचौघांत लाज वाटली? काहीही असो — मी तोंड उघडलं नाही.

मग आईंनी त्या म्हातारीपुढे हात जोडले. न केलेल्या चुकीसाठी! नंतरच्या एकाही अंगणात त्या आल्या नाहीत. बाहेर दगडी कट्ट्यावर बसून राहिल्या, मांडीवर पर्स सताड उघडी ठेवून.   मी ती फांदी हॉटेलच्या कचऱ्यात टाकली.

त्यानंतर आईंनी कुणाकडूनही काडी आणली नाही. कुणी हौसेने देऊ केली तरी नको म्हणतात.

परवा इथल्याच फिंतास भागात संदीपच्या मित्राकडे गेलो होतो. हॉलमध्ये मनीप्लांट होता. संदीप दारातूनच म्हणाला, "आमच्या आईच्या हातांवर लक्ष ठेवा हं!" सगळे हसले. आईही हसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

सगळ्यांबरोबर मीही हसले.