डोळे नसलेले राजे

१९७४ साल. मी बत्तीस वर्षांचा होतो. त्या साली आमच्या वस्तीत एक माणूस येऊ लागला. त्याच्या ब्रशानं हजारो गणपतींना नजर दिली होती, पण आमच्यासाठी घडवलेले सहा राजे त्यानं मुद्दाम आंधळे ठेवले. पेणजवळ जोह्याला मूर्तींच्या कारखान्यात तो डोळे रंगवायचा. त्या कामाला तिकडे आखणी म्हणतात. आमच्या शेजारणीचा तो भाऊ, म्हणून साऱ्या वस्तीचा आखणीमामा.

आमची वस्ती रोह्याच्या अलीकडे, निडीच्या बाजूला. दीक्षा घेऊन बरीच वर्षं झाली होती. जुने देव कुंडलिका नदीत सोडले होते, विहार म्हणून एक कौलारू खोली उभी केली होती. मामा सुट्टीला बहिणीकडे आला की संध्याकाळी तिथं आम्हाला बसवायचा आणि बुद्धाला मानणाऱ्या जुन्या राजांच्या गोष्टी सांगायचा. आम्ही ऐकायचो आणि उंबरा ओलांडला की विसरायचो. मी दुसरीतून शाळा सोडलेला. कंपनीत शिफ्ट मारून आलेल्या डोक्यात अजातशत्रू कुठला राहतो? मी त्याला तोंडावर सांगितलं की ही नावं शिकलेल्यांसाठी आहेत, आम्हाला कशाला छळता. तो रागावला नाही. पुढच्या खेपेला एसटीतून उतरला तो शाडूच्या मातीचं गाठोडं घेऊन.

त्या मातीचे त्यानं वीतभर उंचीचे सहा राजे केले. प्रत्येकाला एक खूण. बिंबिसाराच्या हातात बांबूचा कोंब, कारण त्यानं बुद्धाला बांबूचं बन दिलं. अजातशत्रूच्या कमरेला किल्ली, कारण त्यानं बापाला कोंडलं. अशोकाच्या पायाशी मोडकी तलवार. मिलिंदाचं बोट वर, त्याला प्रश्न फार. कनिष्काच्या पायात हे मोठे बूट. आमच्या अॅसिडवाल्या प्लांटमधले गमबूट बघून मामानं ते केले असावेत असं मी म्हणायचो. शेवटचा हर्ष उघडाबंब, हात पसरलेला, कारण त्यानं अंगावरचं वस्त्रही दान केलं. भिंतीवर मी फळी ठोकली आणि राजे रांगेनं उभे राहिले. महिनाभरात माझी आईसुद्धा न अडखळता सगळे सांगू लागली. ती नावाआधी खूण म्हणायची. किल्लीवाला अजातशत्रू, बुटवाला कनिष्क.

पण तोंडं कोरी होती. ओढ्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत. पहाटे फर्स्ट शिफ्टला निघताना विहाराच्या खिडकीतून ती दिसायची, तेव्हा सायकलवर माझ्या पाठीत शिरशिरी यायची. डोळे असलेला माणूस दुसरीकडे बघू शकतो. ज्याला डोळेच नाहीत तो सगळा वेळ आपल्याचकडे बघतो, असं मला वाटायचं. मामाला म्हटलं, एवढा हात बसलाय तुमचा, दोन ठिपके द्या की.

तो म्हणाला, "डोळे काढले की माती बघायला लागते भाच्या. नि माती बघायला लागली की माणूस वाकतो. मी जन्मभर हेच बघत आलोय."

वस्तीतले काहीजण त्याला टोचायचे. दिवसा गणपती आणि संध्याकाळी धम्म, मामा, तुमचं खरं दुकान कोणतं? तो हसून सांगायचा, "हात पोटाला दिलेत, डोकं नाय दिलं." त्याला भय एकच होतं. आपण आठवणीसाठी केलेले राजे उद्या देव झाले, तर आपणच या लोकांना मागं ढकललं असं होईल.

आणि झालं तेच. माझी धाकटी मुलगी तापानं फणफणली. डॉक्टर झाले, इंजेक्शनं झाली, ताप हटेना. आई कुणाला न सांगता विहारात गेली आणि अशोकाच्या पायाशी नारळ ठेवून आली. चार दिवसांनी मुलगी उठून पेज मागू लागली. मग काय विचारता? राजांना हळद लागली, कुंकू लागलं. बिंबिसारापुढं पोरं होण्यासाठी नवस, अजातशत्रूपुढं कुणी जाईना, तो बापाला खाणारा म्हणून त्याची भीती. खालच्या आळीची माणसंही यायला लागली.

मामा आला आणि दारातच थांबला. कुंकवाचे ओघळ कोऱ्या तोंडांवरून उतरले होते. तो कुणावर ओरडला नाही. राजे मोडायचे, एवढंच म्हणाला. तेवढ्यात कुणी तरी खालूबाजावाल्याकडे माणूस धाडला, राजांना नदीवर वाजतगाजत नेऊ म्हणून. मामाला विसर्जन नको होतं. त्यानं सहाही राजे उचलले आणि माझ्या घरामागच्या परड्यातल्या पाण्याच्या पिंपात उभे केले.

आई धावत आली. तिचा पदर खांद्यावरून सुटला होता.

"भाऊ, माझे देव मी नदीत सोडले तवा रडले नाय. पन पोर तापानं जळत व्हती. मी हात कुठं जोडायचे, ते सांग."

मामा पिंपाच्या काठावर हात ठेवून उभा होता. पाणी गढूळ होत चाललं होतं. कनिष्काचे बूट आधी सुटले.

"ते मला सांगता नाय येत आक्का," तो म्हणाला. "येत असतं तं मी राजे कशाला केले असते?"

त्या संध्याकाळी रिकाम्या फळीपुढं त्यानं आम्हाला बसवलं. शेवटी आईच बोलली. फळीवरच्या एकेका जागेकडे बघत तिनं खुणेसकट सहाही राजे सांगितले. किल्लीवाल्यापाशी तिचा आवाज बारीक झाला, पण थांबली नाही. मामानं डोळे पुसले आणि जाताना मला म्हणाला की फळीपण काढ, नाहीतर लोक फळीला फुलं वाहतील. मी काढली नाही. माझ्या हातानं ठोकलेली फळी दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढणारा मी नव्हे.

तो परत आला नाही. गणपतीच्या आधी कामाची घाई असते, त्यात त्याच्या छातीत दुखलं आणि जोह्याहून तो गेल्याचा सांगावा आला. आम्ही जाऊन आलो. कारखान्यात अर्ध्या मूर्तींची आखणी राहिली होती. त्या रांगांमधून बाहेर पडताना मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.

आम्ही परतलो त्या संध्याकाळी आईनं विहारात राजे म्हटले. बिंबिसारापासून हर्षापर्यंत. मग उठली आणि हर्षाच्या पलीकडे, जिथं कधीच कुणी उभं नव्हतं, तिथं फळीवर तिनं झेंडूचं एक फूल ठेवलं. बाकीच्या बायाही उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिफ्ट बुडवली, हातोडी घेतली आणि फळी काढली. मागं भिंतीवर तिच्या आकाराचा पट्टा उमटलेला होता. मी चुना कालवून त्यावर हात फिरवला. वाळल्यावर पट्टा पुन्हा दिसला. मी पुन्हा चुना कालवला.