बाभळीचं बूच

हे मी कुणाला बोललो नाही. ज्या एका माणसाला सांगायला हवं होतं — माझी बायको, हौसा — ती गेल्या पोळ्याला गेली. आता सांगून काय होतंय? काही होत नाही. तरी सांगतो.

मी चार बुकं धड शिकलो नाही. पण दुष्काळाच्या त्या सालात, आमच्या श्रीगोंद्याकडच्या गावात, माझ्याकडं गाडी होती. लष्करातून मोडीत निघालेली जुनी पिकअप. मालक मी. चालवणारा आणि हात काळे करणारा बबन — हौसाचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, हौसानंच त्याला कडेवर वाढवला. नगरच्या गॅरेजात काम शिकला आणि आमच्यातच राहायला आला. चारा-छावणीतल्या जनावरांना पिपं भरून पाणी न्यायचं, हे आमचं काम.

लोक त्यालाच विचारायचे. "बबनराव, गाडी कवा निघायची?" आणि मी शेजारी उभा. खोटं कशाला बोलू — खटकायचं मला.

गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधे एक लोखंडी गोळा असतो. डिफरन्शल म्हणतात. त्यात दात्यांची चाकं, आणि ती भिजत राहतील एवढं ऑइल. वरच्या अंगाला एक बारीक भोक. त्या साली धुरळा असा, की ताटातल्या भाकरीवर बसायचा. मला वाटलं, त्या भोकातून धूळ आत जात असणार. बाभळीची काडी तासली, चिंधी गुंडाळली, बूच मारलं. वर चिखलाचा थापा. आपलंही डोकं चालतं म्हणून बरं वाटलं. बबनला सांगितलं नाही. दरवेळी त्याला काय विचारायचं?

मग गोळा गळायला लागला.

बबननं तो रॉकेलनं धुतला, फडक्यानं कोरडा केला, गाडी वेशीपर्यंत फिरवून आणली आणि खाली आडवा होऊन बघत राहिला — पहिला थेंब कुठं धरतोय. पुढच्या तोंडाला धरत होता. तिथलं सील, म्हणजे ऑइल अडवणारं रबरी कडं, बदललं. तर चाकाच्या बाजूनं गळायला लागलं. तेही बदललं. पुन्हा पुढून. खालूनच विचारलं त्यानं,

"दाजी, सीलं चांगली हायेत. आत हवा कोंडतीय. तापली की त्येलाला भाईर रेटती. वरचं भोक मोकळं हाय न्हवं?"

तेव्हा कळलं मला. तिथल्या तिथं कळलं. पण पारावरची माणसं बघायला जमली होती. एक जण म्हणाला, "मालकाला काय इचारतो? मालकाला भोंगा तेवढा वाजवता येतो." हसले सगळे.

मी म्हणालो, "मोकळं हाय. कालच साफ केलंय मी."

बबननं हात वर घालून चाचपलंसुद्धा नाही. दाजी म्हणतात म्हणजे झालं.

माणसं पांगली की काढू, म्हटलं. तेवढ्यात छावणीचं बोलावणं आलं. बबननं माझ्यासमोर काठोकाठ ऑइल भरलं आणि आम्ही निघालो. दिवसभर खेपांवर खेपा. मी त्याच्या शेजारी बसलेलो — तिथं तरी बोललो असतो तर? नाही बोललो. उन्हं कलताना चढावर मागून करकर आवाज आला आणि गाडी जागीच बसली. गोळा कोरडा पडून दाते उडाले होते. छावणीत जनावरं हंबरत राहिली, आणि गाव आमच्या दारात आलं.

मी म्हणालो, "ऑइल इकलं ह्यानं. रिकामा गोळा घिऊन निघाला."

बबननं माझ्याकडं नाही, बहिणीकडं बघितलं. हौसा आत गेली आणि देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी घेऊन आली. खंडोबाचा भंडारा हातात घेऊन आमच्याकडं कुणी खोटं बोलत नाही. वाटी माझ्यापुढं धरली.

"उचला."

मी उचलला. तेच पुन्हा बोललो.

ती भावाला म्हणाली, "माझ्या दारात पुन्यांदा पाय ठिऊ नगंस."

तो गेल्यावर मी बूच उपसून चुलीत घातलं. त्याच जाळावर तिनं रडत भाकरी भाजल्या. मी खाल्ल्या. गाडीला पुढं नवे दाते बसवले, भोक उघडं ठेवलं. मोडीत जाईपर्यंत थेंब गळला नाही.

भाऊबीजेला, जिला भाऊ नसतो ती बाई चंद्राला ओवाळते. हौसाचा भाऊ श्रीरामपुरात गॅरेज टाकून होता, आणि ती दरवर्षी अंगणात चंद्राला ओवाळायची. ती कोर लवकर बुडते, म्हणून तिची घाई. मला म्हणायची, "अवो, वारं लागतंय, हात धरा वातीला." मी धरायचो. भंडारा उचलला तोच हात. शेवटच्या साली तिला उभं राहवेना, तर पाठीला आधार देऊन उभी केली. चंद्र दिसत होता, ती ओवाळत होती, तिचं सगळं वजन माझ्यावर होतं. तेव्हाही — नाही.

ती गेली तेव्हा श्रीरामपूरला निरोप धाडला. सवाष्णीला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. बबन आला. पिकलेला, काठी टेकत. हिरवं लुगडं त्यानं तिच्या अंगावर घातलं, पदर सारखा केला, तोंडावरून हात फिरवला. माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. मग माझ्यापाशी येऊन उभा राहिला.

"दाजी, येक इचारू? ती गळती... फुडं थांबली हुती का?"

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस त्या गोळ्याखालीच आडवा पडून होता. आपलं कुठं चुकलं ते बघत. थांबली म्हटलं, तर भोक बुजलेलं होतं हे त्याला तिथंच कळणार.

हौसा समोर होती. हिरव्या लुगड्यात.

मी म्हणालो, "न्हाई. गळतच ऱ्हायली."

त्यानं मान हलवली, आणि बहिणीला खांदा द्यायला वाकला.