बढतीचा फेटा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा सांगलीत माझं दूध उतू गेलं आणि मी नुसती बघत राहिले. महिना होत आला त्याला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. फौजेतून सुभेदार होऊन कोरेगावजवळच्या आमच्या गावी परतलेला. भेटायला येणारे म्हणतात, "लय मोठा मानूस गेला..." आणि मी विषय बदलते. कारण त्या सुभेदारकीचं कोडं मला आजही सुटलेलं नाही.

अण्णा नायब सुभेदार असताना आमच्याच गल्लीतला महेश त्याच्या हाताखाली ट्रक चालवायचा. एकदा घाटातून सामान तातडीनं वर पोचवायचं होतं. महेश रात्रभर गाडी चालवून नुकताच खाली उतरला होता. दुसरे ड्रायव्हर होते की! पण परका माणूस कुरकुर करणार, आपल्या गावचं पोरगं शब्द मोडणार नाही, म्हणून अण्णानं त्यालाच पाठवलं. महेशनं मान डोलावली. गावच्या वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणणार तो? ट्रक दरीत गेला. महेशही गेला.

चौकशी झाली, अण्णावर ठपका बसला. आणि काही वर्षांनी चक्क सुभेदार म्हणून बढती! गावानं ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली, गुलाल उधळला. मी भडकलेच. "अण्णा, लाज न्हाई वाटत फेटा बांधून मिरवायला?"

तो खाली मान घालून म्हणाला, "बढती नको म्हनलो असतो तर माझं मन हलकं झालं असतं गं. हाताखालच्या पोरांस्नी काय मिळालं असतं? आता झोप झाल्याबिगर एकालाबी गाडीवर चढू देत न्हाई मी."

खरंच देत नव्हता, त्याच्या हाताखालची माणसं सांगतात. पण मग ज्यांच्या हातून असलं काही कधी घडलंच नाही, त्यांना मागं ठेवून याला का पुढं काढलं? माझं डोकं अजून तिथंच अडकतं.

निवृत्तीनंतर कुणालाही काम सांगताना तो विचारायचा, "जमंल का? न्हाई म्हनलास तरी राग न्हाई." वहिनीला चहा टाकायला सांगतानासुद्धा तेच! ती वैतागायची, "आवं, चहाच हाय न्हवं!"

परवा महेशच्या आईला, शांताकाकूंना भेटायला गेले. धीर करून विचारलं, "काकू, अण्णाला बढती मिळायला नको होती का?"

त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "त्याच्या बढतीला मी व्हय म्हनले असते का न्हाई, ते मलाबी ठाव न्हाई, पोरी. पर आज तू इचारलंस तरी. तवा मला कुनीच इचारलं न्हाई... तुझ्या अण्णानंबी न्हाई."