निळीचा श्वास

माझ्या जागी दुसरी मुलगी येणार आहे हे मला सरांनी सांगितलं नाही, रहाटणीतल्या टेलरने सांगितलं. रविवारी सकाळी मी माझं निळं जॅकेट आणायला गेले होते. बाहीवरची टिकल्यांची पट्टी सुटली होती, तेवढीच शिवायची होती. दुपारी चाकणला एका कंपनीत फॅमिली डे होता आणि आमचा कार्यक्रम चारला सुरू व्हायचा होता. टेलरकाका मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "जॅकेट कालच तुमचे सर घेऊन गेले की. कंबर दोन इंच आत घेतली, खांदापण जरा बारीक केला."

"कुणाची कंबर?" मी विचारलं.

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. आधी माझ्या तोंडाकडे, मग माझ्या कमरेकडे. मग त्यांनी घाईघाईने मशीन सुरू केलं.

आमचा चार मुलींचा पॉप ग्रुप. सोसायट्यांचे गणपती, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, नव्या दुकानांची उद्घाटनं, असं आमचं चालायचं. आम्हाला नावं नव्हती. म्हणजे घरी होती, पण सरांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता की नाव घरी ठेवून यायचं. इथे लाल, पिवळी, हिरवी आणि निळी. पोस्टरवर तेच, प्रॅक्टिसला तेच, मोबाइलमध्ये नंबरही तसेच. एखादी सोडून गेली की तिचं जॅकेट टेलरकडे जायचं आणि नव्या मुलीच्या मापाचं होऊन परत यायचं. लोकांना कळायचंही नाही. पहिली लाल लग्न करून लातूरला गेली, हिरवीला हिंजवडीत नोकरी लागली, पिवळ्या तर किती झाल्या ते सरांनाही आठवत नसेल. मी निळी. सात वर्षं निळी. मूळच्या चौघींपैकी मी नव्हते, पण आता सगळ्यांत जुनी मीच होते.

आमच्या घरात निळा हा नुसता रंग नाही. जयंतीला बाबा निळा फेटा बांधून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे असतात. मला निळी केलं त्या दिवशी त्यांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले होते, जणू सरांनी त्यांनाच विचारून रंग दिला होता. बाबांनी भोसरीत एका कारखान्यात एकाच मशीनवर सगळी उमर काढली. टेलरकडून मी तणतणत घरी आले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बदली माणूस येतोच गं. माझ्या मशीनवर पण आला."

"पण माझा आवाज ट्रॅकवर आहे, बाबा. मी गेले तरी तो वाजणार. ती नुसते ओठ हलवणार."

बाबांना हे माहीत नव्हतं. सात वर्षं मी त्यांना हे सांगितलंच नव्हतं. ते म्हणाले, "मी रिटायर झालो तेव्हा कंपनीने माझे हात ठेवून नव्हते घेतले."

ते वाक्य डोक्यात घेऊनच मी चाकणला जायच्या ग्रुपच्या गाडीत बसले.

ट्रॅकचं सांगते. आमचं एक गाणं बऱ्यापैकी चाललं होतं, सरांनीच लिहिलेलं. स्टेजवर आम्ही गायचो ते आधी रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर. चौघींचे आवाज त्यात वेगवेगळे होते, साउंडवाल्याकडे प्रत्येकीचं वेगळं बटण. नवी मुलगी आली की तिचा माइक वर्षभर बंद ठेवायचे. ती जुनीच्या आवाजावर ओठ हलवायची. टिकली, तर मग स्टुडिओत नेऊन तिचा आवाज भरायचा. मीही चौदा महिने बंद माइक धरून नाचले आहे. लोक येऊन म्हणायचे, काय आवाज आहे ताई तुमचा, आणि मी निर्लज्जासारखी थँक यू म्हणायचे. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! जिचा आवाज होता ती बाई कुठे आहे, कशी आहे, असं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

गाण्यात निळीची एक ओळ होती, एकटीची. 'या शहराच्या दिव्यांमध्ये एक दिवा माझाही.' त्यात 'एक' म्हटल्यावर श्वास घ्यायचा. एक, श्वास, मग दिवा माझाही. तिथे श्वास यायचं काही कारण नाही, ओळ एवढी मोठी नाही. पण जुन्या निळीच्या रेकॉर्डिंगमध्ये तो होता. चौदा महिने त्यावर ओठ हलवून तो माझ्यात इतका भिनला की माझा आवाज भरला तेव्हा मीही तिथेच श्वास घेतला. सरांना तर तो फारच आवडायचा. त्या जागी समोरचे सगळे लोक मोबाइलचे दिवे वर करायचे आणि एका सुरात 'ओ' ओरडायचे. लोकांना वाटायचं, ही आमची स्टाइल.

गेल्या गणपतीत पिंपळे सौदागरच्या एका सोसायटीत कार्यक्रम झाला. संपल्यावर एक बाई भेटायला आली. बरोबर शाळेच्या वयाची मुलगी. म्हणाली, "मी तुझ्या आधीची निळी." ती हसून म्हणाली, "तो श्वास तू पण ठेवलास? अगं वेडे, मला तेव्हा चौथा महिना होता. दम पुरायचा नाही. सरांना कळलं असतं तर त्याच दिवशी काढलं असतं, म्हणून चोरून घेतलेला श्वास आहे तो." आणि तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही होती पोटात."

मी तिच्यासमोर खूप हसले आणि घरी येईपर्यंत रडले. कशाचं रडू येत होतं ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. मला माझीच लाज वाटत होती.

तर गाडी. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर सर, मग लाल, पिवळी, हिरवी, आणि शेवटच्या सीटवर एक नवीन मुलगी. एकोणीस-वीस वर्षांची, मांडीवर पिशवी. पिशवीतून निळी बाही डोकावत होती. माझ्यासाठी जागा फक्त तिच्याशेजारी होती. ती सरकली आणि म्हणाली, "बसा ना ताई." मी बसले. तिला नाव विचारलं नाही. मुद्दाम नाही विचारलं.

मोशीच्या पुढे गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा सर मागे वळले. रहाटणीचे जुने गाववाले आहेत ते, बोलणं अजून तसंच.

"हे बघ निळे, राग मानू नगंस. तू आता एकतिसाची झालीस. आज तू गा, ही बघंल. पुढच्या म्हयन्यापासनं ही. तू पोरींना शिकवायला ऱ्हा की, कोण न्हाई म्हणतंय?"

"आणि आवाज?"

"आवाज हाय की तुझा ट्रॅकवर. आमी काय पुसून टाकतोय व्हय? तू कुठं चाललीस?"

पुढच्या तिघी खिडकीबाहेर बघत होत्या. उद्या त्यांच्यावरही हीच वेळ येणार होती, पण आज माझ्यावर होती, म्हणून बाहेरचे ट्रक फार बघण्यासारखे झाले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "काढायचं तर आवाजासकट काढा, सर."

"म्हंजी?"

"माझा आवाज नाही वापरायचा. हिला गाऊ द्या."

"आन् फसली मंग? कंपनीचे साहेब बसलेत म्होरं. खुळी का काय?" म्हणून ते पुढे वळले. त्यांच्या लेखी विषय संपला.

कंपनीत आम्हाला कपडे बदलायला ट्रेनिंगची खोली दिली होती. भिंतीवर हेल्मेट घाला, बूट घाला असे फलक. बाहेर मैदानात कामगारांची बायका-पोरं जमत होती, कुणीतरी माइकवर हॅलो हॅलो करत होतं. त्या मुलीने पिशवीतून जॅकेट काढून माझ्यापुढे धरलं, जणू चोरीचा माल परत करते आहे. मी ते घातलं. लागेना. पोट आत ओढून खालचे दोन हुक लावले, वरचा हिरवीने जोर करून लावला. दारातून सर म्हणाले, "आजचा दिवस चालीव कसं तरी, टेलरनं आधीच आत घेऊन टाकलं त्ये. पाच मिन्टं हायेत."

मी आवाज बघायला म्हणून ती ओळ म्हणायला घेतली. या शहराच्या दिव्यांमध्ये एक, आणि दम संपला. खरोखर संपला. सात वर्षांत पहिल्यांदा मला तिथे श्वासाची गरज पडली. जॅकेट बरगड्यांना आवळत होतं आणि मी 'एक'पाशी उभी राहून हवा ओढत होते. चौथा महिना लपवून उभी असलेली ती बाई मला तेव्हा समजली, त्या सोसायटीतल्या गप्पांत नव्हती समजली.

ती मुलगी माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? तुम्ही तिथे श्वास का घेता? पंधरा दिवस मी ओठ जुळवतेय, पण तो श्वास जमतच नाही. मला ती ओळ एका दमात येते."

"म्हणून दाखव."

तिने म्हटली. हळू आवाजात, भिंतीकडे तोंड करून. ओळ सरळ गेली, मध्ये कुठेही न अडखळता, आणि 'माझाही' वर तिने आवाज असा अलगद सोडला की मला माझं सगळं गाणं ढोबळ वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी तिचा गळा दाबावासा वाटला. ती माझ्याहून चांगली गात होती. आणि तिला वर्षभर बंद माइक धरून माझा श्वास शिकायचा होता, जो माझाही नव्हता.

मी जॅकेट काढून तिच्या अंगावर चढवलं. हुक एका झटक्यात लागले. "मी आता जाऊन साउंडवाल्याशेजारी उभी राहते," मी म्हटलं. "निळीचा आवाज बंद असेल आणि तुझा माइक चालू. गा."

"मला भीती वाटते, ताई."

"मलापण," मी म्हटलं आणि निघाले.

सर मैदानात आडवे आले. मी त्यांना बोलूच दिलं नाही. "ती जॅकेट घालून उभी आहे. माझ्या मापाचं दुसरं जॅकेट तुमच्याकडे आहे? नाही. मग आज तीच निळी. आणि माझा आवाज वाजला, तर मी या साहेबांच्या समोर माइक घेऊन सांगेन की हा कुणाचा आहे." सरांनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पचकन थुंकले. "इतकी वर्सं पोसली," एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले.

गाणं सुरू झालं. साउंडवाल्याने निळीचं बटण खाली ओढलं, तरी मी त्यावर बोट ठेवून उभी राहिले, मागून कुणी वर करू नये म्हणून. पहिल्या कडव्यात ती चाचरली. एक शब्द खाल्लाच तिने. सर माझ्याकडे असे बघत होते की बस. मग ती ओळ आली. मैदानभर उन्हातही मोबाइलचे दिवे वर झाले, लोकांनी 'ओ' म्हणायला तोंड उघडलं.

ती थांबलीच नाही. एका दमात गेली. लोकांचं 'ओ' तोंडातच राहिलं, आणि ते ऐकू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या जागी मी श्वास घेतला होता. खाली उभी राहून, तोंड मिटून, सवयीने.

गाणं संपल्यावर पुढच्या रांगेतली एक बाई मुलाला कडेवर घेऊन माझ्याकडे आली. मला तिथली कामगार समजली असावी. म्हणाली, "ती निळी नवीन आहे ना हो? छान गायली. नाव काय तिचं?"

सात वर्षांत निळीचं नाव कुणी विचारलं नव्हतं. माझं नाही, माझ्या आधीच्या बाईचंही नाही. मी त्या बाईला म्हटलं, "थांबा, विचारून सांगते," आणि स्टेजच्या मागे गेले. ती पायऱ्या उतरत होती, घामाने भिजलेली, हुक आवळून बसलेले. मला बघताच रडायला लागली.

मी आधी तिला माझं नाव सांगितलं. मग तिचं विचारलं.